मृग निघाला की

इंग्रजी वर्ष एक जानेवारीला सुरू होतं, मराठी वर्ष पाडव्याला आणि सरकारचं एक एप्रिलला. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ही तिन्ही वर्षं आपापल्या तारखेला येतात आणि कुणाला फारशी तोशीस न देता निघून जातात. खरं वर्ष सुरू होतं ते मृग निघाल्यावर, जूनच्या सात-आठ तारखेला. त्या दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक माणूस मान वर करून आभाळाकडे बघतो, आणि ज्याच्या घरात बारावी पास झालेलं पोर असतं तो एक डोळा आभाळावर आणि दुसरा मोबाइलवर ठेवतो. कारण पेरणी आणि कॉलेजचे प्रवेश या दोन्ही गोष्टी आमच्याकडे एकाच महिन्यात येतात. ज्या कुणी शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू करायचं ठरवलं त्याच्या घरी शेती नसावी. असती तर त्याने ते दिवाळीनंतर ठेवलं असतं, सोयाबीन विकून झाल्यावर.

माझं घर धाराशिवच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे. घर घेताना ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी किती दिवसांनी येतं याची माणूस चौकशी करतो. पाहुणे कुठून येतात याची चौकशी करायची पद्धत नाही. एरवी अकरा महिने गावाकडची मंडळी माझ्याबद्दल ‘शहरात जाऊन बदलला’ असं म्हणतात. जून उजाडला की मी एकदम ‘आपला माणूस’ होतो. सकाळच्या पहिल्या गाडीने एक बाप आणि एक पोर उतरतं. बापाच्या हातात पिशवी असते आणि पोराच्या हातात चेनची प्लॅस्टिकची फाइल. बाप बोलत असतो आणि पोर गप्प असतं. ‘हुशार हाय, पर बोलत न्हाई,’ असं बाप सांगतो. त्याला बोलायला फट मिळालेली नसते हे त्याच्या लक्षात येत नाही.

आमच्या सौ.नी या पाहुण्यांचं एक शास्त्रच तयार केलं आहे. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा असतील तर नुसता फॉर्म भरायचा आहे, पाहुणा दुपारच्या गाडीने परतणार. तूरडाळ असेल तर एखादा कागद अपुरा आहे, मुक्काम एक रात्र. आणि भूमकडचा खवा निघाला तर पोर वर्षभर आपल्याकडे ठेवायचा विचार आहे. खव्याची पिशवी दिसली की सौ. आधी पाहुण्यांना पाणी देतात आणि मग मला आत बोलावतात.

नव्या सत्राची तयारी म्हणजे वह्या, पुस्तकं आणि कपडे, असा मोठ्या शहरांतल्या माणसांचा समज असतो. आमच्याकडे तयारी म्हणजे कागद. वह्यापुस्तकं सत्र सुरू झाल्यावर पोळ्यापर्यंत सावकाश येतात. कागद आधी लागतात. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला, त्या दाखल्याची पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर, रहिवास, उत्पन्न. या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ म्हणून आपली आपणच केलेली सही. त्यातला उत्पन्नाचा दाखला हा माझा सगळ्यांत आवडता कागद आहे. ज्याला उत्पन्न असतं त्याला ते झाकावं लागतं, आणि ज्याला नसतं त्याला ते नाही हे दाखवायला तीन खेपा घालाव्या लागतात. तीन खेपांच्या भाड्याने ते आणखी कमी होतं. त्यामुळे दाखला हातात पडेपर्यंत तो अगदी तंतोतंत खरा झालेला असतो.

त्यात आमच्या गावाच्या नावाची भर पडली. मूळचं धाराशिव निजामाच्या राजवटीत उस्मानाबाद झालं, शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून. २०२३ साली ते पुन्हा धाराशिव झालं. पण त्या वर्षी फेब्रुवारीत नाव बदललं ते शहराचं. जिल्ह्याचं बदलायला सप्टेंबर उजाडला. मधे जून होता. त्यामुळे त्या जूनमध्ये नाव घालणारी मुलं धाराशिव शहरात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात राहत होती. फाइलमध्ये अजूनही सनद उस्मानाबादची असते आणि उत्पन्नाचा दाखला धाराशिवचा. आमच्या एका पाहुण्यांना खिडकीपलीकडच्या माणसाने अगदी सहज विचारलं, ‘‘बदली झाली का हो तुमची?’’ पाहुणे वारीखेरीज आपल्या शिवाराबाहेर मुक्कामाला गेलेले नव्हते. ते म्हणाले, ‘‘न्हाई साहेब, मी हितंच हाय. जिल्हा बदलून गेला.’’

जागचं न हलता स्थलांतर करण्याचा अनुभव मलाही आहे. १९८२ च्या जूनमध्ये मी लातूरला कॉलेजात नाव घातलं. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. ‘लांब न्हाई, जिल्ह्यातच हाय पोरगं,’ असं आई विहिरीवर सगळ्यांना सांगायची. ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि मी खोलीच्या बाहेर पाऊल न टाकता परजिल्ह्यात गेलो. हे मी घरी पत्राने कळवलं. आईने गुरुजींकडून उत्तर लिहवून घेतलं, त्यात एकच प्रश्न होता : मग आता डबा पोचतो का?

त्या काळच्या तयारीत कागद थोडे आणि पेटी मोठी असे. पत्र्याची पेटी, तिच्यावर पेंटरकडून काढून घेतलेलं नाव आणि नावापुढे ‘एफ. वाय.’ अशी अक्षरं. आत दोन सदरे, दोन लेंगे, एक पँट, वातीचा स्टोव्ह, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि येसराचा डबा. येसर माहीत नसलेल्यांची मला कीव येते म्हणून सांगतो : धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ असतं. फोडणीत पाणी ओतायचं, येसर सोडायचा, उकळी आली की आमटी तयार. घरात भाजी नसली तरी येसर असतो, म्हणूनच तो असतो. लातूरला, बार्शीला, सोलापूरला खोल्या करून राहिलेली आणि येसराच्या आमटीवर पदवीधर झालेली आमच्या जिल्ह्याची एक पिढीच्या पिढी आहे. तिच्या पदवीच्या कागदाला अजून वास येत असेल.

ही पेटी घेऊन ढोकीला बार्शी लाईटमध्ये बसायचं. मिरजेपासून लातूरपर्यंत अरुंद रुळांवरून जाणारी ती गाडी स्वभावाने फार शांत होती. पुढच्या स्टेशनावरच्या ओळखीच्या माणसाला आपण येताना दिसलो की चहा सांगायला त्याला पुरेसा वेळ मिळे. पण खुद्द उस्मानाबादला रेल्वे नव्हती. जिल्ह्याचं गाव टाळून रूळ येडशीवरून निघून गेले होते. रुंद रूळ टाकताना, २००७-०८ साली, रेल्वे शहरात आली. तोपर्यंत इथल्या माणसाची सगळी भिस्त एसटीवर बसून गेली होती, ती अजून उठलेली नाही.

डबा आणायची ती एसटीच. गावातून सकाळी निघणाऱ्या गाडीत आई डबा द्यायची. फडक्यात बांधलेला, फडक्यावर शाईने नाव. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर असे आठ-दहा डबे रांगेने बसून लातूरला यायचे. इंजिनाच्या उबेने भाकरी गार व्हायची नाही. आईला लिहिता येत नव्हतं, पण ती डब्यातून निरोप पाठवायची. भाकरीवर एक कांदा असला तर घरी सगळं ठीक. दोन असले तर पाऊस झाला. त्या वर्षी मी जेवायला बसण्यापूर्वी हवामानाचा अंदाज वाचत असे.

वडिलांच्या पिढीला हेही नव्हतं. निजामाचा मुलूख, शाळेत उर्दू, आणि पुढे शिकायचं तर गाठायचं हैदराबाद, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ. तिथेही शिकवणं उर्दूतूनच. १७ सप्टेंबर १९४८ ला मुलूख मोकळा झाला आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं. १९९४ पासून त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव आहे, आणि आता त्याचं उपकेंद्र धाराशिवातच आहे. वडिलांना हैदराबाद लांब होतं, मला लातूर, आणि आमच्या पुतणीला माझं घर. म्हणजे कॉलेज पिढीगणिक जवळ येत चाललं आहे. या हिशेबाने माझ्या नातवंडांच्या काळात ते ओसरीवर येईल आणि तरीही मुलं उशिराच पोचतील.

प्रवेशासाठी परीक्षा घ्यायची कल्पना हल्लीची आहे असं लोक मानतात. तिच्यावर आमच्या जिल्ह्याचा जुना हक्क आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं भाजलेलं आणि कुठलं कच्चं याचा निकाल दिला, अशी कथा आहे. त्या परीक्षेत नामदेव नापास झाले. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि थेट पंजाबापर्यंत त्यांचं नाव झालं. ज्याचं पोर यादीत बसत नाही अशा प्रत्येक बापाला मी ही कथा सांगून धीर देतो. गेल्या खेपेला एकाने ती हात जोडून शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, ‘‘मग औंढ्याला जागा शिल्लक आहेत का बघता का?’’

यंदा आमच्याकडे आले ते माझे धाकटे चुलतभाऊ आणि त्यांची मुलगी. गाव तेरणेकाठचं, जमीन चार एकर, पाणी आलं तर. पोरीला बारावी शास्त्रात चांगले मार्क होते आणि बी.एस्सी. करायचं होतं. पिशवीत शेंगा निघाल्या म्हणून सौ. निर्धास्त झाल्या. पण हे प्रकरण शेंगांत आटोपणारं नव्हतं. २०२४ पासून कॉलेजांतून नवीन शैक्षणिक धोरण आलं आहे, आणि त्या धोरणाची पुस्तिका पोरीच्या फाइलमध्ये होती. दुपारी चटईवर बसून ती वाचत होती आणि भाऊ शेंगा फोडत ऐकत होता.

‘‘ह्यात एक मेजर असतो आणि एक मायनर,’’ ती म्हणाली. ‘‘मेजर म्हंजे आपला मुख्य विषय. मायनर त्याच्या सोबतीचा.’’

‘‘म्हंजी सोयाबीनमधी तूर,’’ भाऊ म्हणाला.

मी धोरण समजून घेण्यासाठी दोन व्याख्यानं ऐकली होती. एवढ्या थोडक्यात ते कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘आन् एक ओपन इलेक्टिव्ह. दुसऱ्या शाखेतला कुठला तरी विषय घ्यायचा.’’

‘‘बांधावरची भाजी. असू दे. घरी खायाला होती.’’

‘‘मग दर सत्राला वीस-बावीस क्रेडिट मिळवायचे. ते क्रेडिट बँकेत जमा होत्यात.’’

इथे भाऊच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘‘कुठल्या बँकेत? हे बग, सोसायटीचं पीककर्ज अजून फिटलं न्हाई. तुझ्या नावावर आत्ताच क्रेडिट काढायचं न्हाई.’’

पोरीने समजावून सांगितलं की ही बँक कर्ज देत नाही. आपण अभ्यास करून मिळवलेलं फक्त सांभाळून ठेवते. व्याज घेत नाही, देतही नाही. भाऊने थोडा वेळ विचार केला. ‘‘कर्ज देत न्हाई, व्याज घेत न्हाई, मग ती बँक कशाची? भिशी म्हण.’’

सेमिस्टर या शब्दाचं मात्र त्याला काहीच वाटलं नाही. वर्षाचे दोन भाग, पहिला जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत, दुसरा दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. ‘‘खरीप आन् रब्बी,’’ तो म्हणाला. विद्यापीठांना जी पद्धत परदेशातून आणावी लागली ती आमच्या शिवारात पहिल्यापासून आहे. प्रत्येक हंगामाची परीक्षा वेगळी, निकाल वेगळा, आणि दोन्हींत अभ्यास कितीही केला तरी पेपर काढणारा वरच. एखादा विषय गेला तर एटीकेटी असते हे ऐकल्यावर तो हसला. ‘‘दुबार पेरणी,’’ म्हणाला. यंदा आपल्याच तोंडातून निघालेला हा शब्द त्याला पुढे चांगलाच महागात पडायचा होता.

सगळ्यांत शेवटी पोरीने बाहेर पडायची वाट वाचून दाखवली. या धोरणात मधेच शिक्षण थांबवलं तरी हात रिकामे राहत नाहीत. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं केलं तर ऑनर्स.

‘‘हे ज्वारीगत झालं,’’ भाऊ म्हणाला. ‘‘हुरड्याला मोडा, कवळी आसताना खावा, न्हाईतर पिकू द्या, मग दाणा बी निघतो आन् कडबा बी.’’ मग तो फाइलकडे बघत राहिला आणि जरा वेळाने म्हणाला, ‘‘पर हिचं हुरड्यात मोडायचं न्हाई.’’

वास्तविक मुलींच्या बाबतीत मधेच बाहेर पडायची सोय आमच्याकडे धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एखादं बरं स्थळ आलं, एखादं साल वाईट गेलं, घरात कुणी आजारी पडलं की पोरगी बाहेर पडते. फरक एवढाच की तिला प्रमाणपत्र देत नाहीत, आहेर देतात. २०२४ साली सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. ती बातमी आमच्या घरी चार जणांनी चार वेळा आणून दिली. आमची पोरगी बी.एस्सी.ची, ती त्यात बसत नव्हती. आणि फी हा प्रकार असा आहे की तो एकटा कधी येत नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, अनामत अशी त्याची भावकी मागोमाग येते. शिवाय ॲप्रन, जर्नल, पुस्तकं. शिवाय एसटीचा पास.

पासाची गोष्ट तर मासलेवाईक आहे. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. तिच्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली शाळेत टिकल्या. पण ती बारावीपर्यंतच. म्हणजे मुलगी पास झाली की पास जातो. पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा मासिक पास काढायचा, त्यात तिसरा हिस्सा पैसे आपले. ते फार नसतात. पण दर महिन्याला असतात. आणि पास असून भागत नाही, गाडीही असावी लागते. पोरीच्या गावाला रात्री मुक्कामी येणारी आणि पहाटे सहाला सुटणारी एक गाडी आहे. तेवढी एक गाडी त्या गावातल्या मुलींचं कॉलेज आहे. ड्रायव्हरला ताप आला तर गावातलं उच्च शिक्षण त्या दिवसापुरतं बंद.

एवढी सगळी तयारी करून बापलेक गावी गेले. फीचे पैसे भाऊने वेगळे काढून ठेवले होते. मृगाचा पहिला पाऊस जोरात झाला. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण शेजारच्याचं पाभर चालू झालं की मिलिमीटर मोजायला माणसाला धीर निघत नाही. अख्ख्या शिवाराने पेरलं. उगवलंही छान. आणि मग पाऊस गेला तो गेलाच. दहा दिवस, पंधरा दिवस. कोवळी रोपं माना टाकायला लागली. भाऊचा फोन आला. नेहमी तो फोनवर ओरडतो. त्या दिवशी हळू बोलत होता. बियाण्याच्या दोन बॅगा आणि खत पुन्हा घ्यावं लागणार होतं. फी भरायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. कनवटीला एकच रक्कम आणि तिला दोन तोंडं.

‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘एक साल मागं राहिली तर काय हुतंय का? गॅप सर्टिफिकेट मिळतंय म्हनं.’’

मी पैसे देतो म्हणालो. तो म्हणाला, ‘‘तुमच्याकडं उतरायला जागा हाय, तेवढं बास. फीचं उसनं घेतलं तर पोरीला ते चार वर्सं दिसत ऱ्हाईल.’’ यावर मला उत्तर सुचलं नाही. जे पोर हुरड्यात मोडायचं नाही म्हणून त्याने सांगितलं होतं, तिच्या कणसाला त्याचाच हात लागत होता आणि ते त्यालाही कळत होतं.

हे बोलणं चाललं असताना भावजय घरात नव्हती. ती आठवडी बाजाराला गेली होती, दोन शेळ्या घेऊन.

आमच्या जिल्ह्याचं नाव जगात कुणामुळे पोचलं असेल तर ते शेळीमुळे. उस्मानाबादी शेळी म्हटली की कुठलाही पशुवैद्य मान डोलावतो. काळी कुळकुळीत, अंगाने बेताची, बहुतेकदा जुळी देणारी, आणि दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर तग धरून राहणारी. शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं. तिला कुठला दाखला लागत नसल्यामुळे तिची अडचण होत नाही. आणि आमच्याकडे शिष्यवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक पोर्टलवर असते. तिला अर्ज करावा लागतो, ओटीपी यावा लागतो, त्रुटी निघते, ती दुरुस्त करावी लागते, आणि पैसे जमा होतात तेव्हा पोर पुढच्या वर्गात गेलेलं असतं. दुसरी दावणीला असते. तिला अर्ज लागत नाही, ती सकाळी सोडून नेली की दुपारी जमा होते. या जिल्ह्यात किती डॉक्टर, किती मास्तर आणि किती तलाठी या दुसऱ्या शिष्यवृत्तीवर शिकले याची गणती कुणी केलेली नाही. पण पदवीदान समारंभात एक दिवस शेळ्यांनाही पुढच्या रांगेत बसवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मायलेकी आमच्याकडे आल्या. भाऊ आला नाही. त्याने शेळ्यांच्या पैशाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि त्याच्याकडची रक्कम घेऊन तो बियाण्याच्या दुकानी गेला होता. फी भरली, पावती मिळाली. भावजयने पावती कपाळाला लावली, तुळजापूरच्या अंगाऱ्याची पुडी सोडून तिच्यावर चिमूटभर टाकला आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवली. विकलेल्या शेळ्यांपैकी एक पोरीने करडू असल्यापासून बाटलीने वाढवलेली होती. पोरगी त्यावर अवाक्षर बोलली नाही. दुपारी तिने नवी वही काढून पहिल्या पानावर सत्राचा हिशेब लिहिला. मी चष्मा लावून वाचला. ‘फी व इतर : एक शेळी. ॲप्रन, जर्नल, पुस्तकं व चार महिन्यांचा पास : एक शेळी. शिल्लक : एकवीस रुपये.’ हिशेबाखाली रेघ मारून तिने तारीख घातली होती. अकाउंटच्या मास्तरांनीही त्यात चूक काढली नसती.

‘‘आता दावणीला काय राहिलं?’’ सौ.नी विचारलं.

‘‘एक हाय की,’’ भावजय म्हणाली, ‘‘गाभण हाय. दिवाळीच्या अंगाला वील.’’

शेळीचे दिवस पाच महिने. सत्रही साधारण पाच महिन्यांचं. म्हणजे हे सत्र संपायला आणि करडं व्हायला एकच गाठ. सेमिस्टरचा कालावधी ठरवणाऱ्या समितीवर कुणीतरी आमच्या भागातला जाणकार असला पाहिजे.

कॉलेज सुरू झालं. पोरगी मुक्कामी गाडीने सातच्या सुमारास स्टँडला उतरते, आमच्याकडे येऊन चहा घेते, केस नीट करते आणि जाते. येताना तिच्याजवळ दोन डबे असतात, एक तिचा आणि एक आमचा. सौ. आता सकाळी भाकरी टाकत नाहीत. गेल्या गुरुवारी तिने कॉलेजात शिकलेलं काही तरी मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. पाऊस पुष्य नक्षत्रात परतला आणि भाऊची दुबार पेरणी कशीबशी लागली. उतारा काय पडेल हे आत्ता कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

परवा भावजय बाजाराला आली होती तेव्हा घरी टेकली. तिने पुस्तिकेची चौकशी केली, कारण नवऱ्याने सांगितलेली ज्वारीची उपमा तिला नीट पटली नव्हती.

‘‘भावजी, ते चार वर्सं केल्यावर काय म्हणत्यात?’’

‘‘ऑनर्स.’’

‘‘मराठीत?’’

‘‘सन्मान.’’

ती बोटांची पेरं मोजायला लागली. चार वर्षं, वर्षाला दोन सत्रं, सत्राला दोन. मधेच थांबली, गाभण शेळीची करडं मिळवली, पुन्हा मोजलं. मग पदर खोचून उठली, पिशवी उचलली आणि म्हणाली, ‘‘सोळा शेळ्यांत सन्मान मिळतोय म्हंजी लई महाग न्हाई.’’